हाताची रेघ, चाकाची रेघ

डॉ. श्रेणिक मगदूम यांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या नजरेत पसंत केली नव्हती. अपवाद फक्त बायकोचा, आणि ती पसंतीही मुळात त्यांच्या वडिलांची होती. मिरजेत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना तीस वर्षं चालू होता आणि या तीस वर्षांत गावातल्या बहुतेक दुकानदारांना त्यांनी घाम फोडला होता. साधा फ्रीज घ्यायचा, तर दोन फ्रीजमध्ये पाण्याची दोन भांडी ठेवून कुठलं आधी गार होतं ते घड्याळ लावून बघणारा हा माणूस. अशा वेळी त्यांची बायको त्रिशला दुकानाबाहेर जाऊन उभी राहत असे.

यंदा डॉक्टरांनी अठ्ठावन्न पुरी केली आणि ठरवलं, की आता एक गाडी मनासारखी घ्यायची. २०४१ साली हे ठरवणं म्हणजे निव्वळ हौस होती. रस्त्यावरच्या दहातल्या नऊ गाड्या आपल्या आपण चालत. आत बसलेली माणसं डबा खात, डुलक्या काढत. स्टिअरिंगची गाडी घोड्यासारखी झाली होती. गरज कुणालाच नाही, पण ज्याला परवडते त्याला मोह सुटत नाही. हातानं चालवायच्या, बसकट, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या आलिशान स्पोर्ट्स सेडान आता जगात मोजक्याच बनत होत्या. त्यांतल्या दोन डॉक्टरांच्या मनात भरल्या: ऑरेलिया आणि हाल्डेन.

दोन्ही तोलामोलाच्या होत्या. शून्यावरून शंभराचा वेग दोघी तीन सेकंदांच्या आत गाठत. ऑरेलियाच्या सीट मऊ, हाल्डेनच्या जरा ताठ पण कमरेला आधार देणाऱ्या. ऑरेलिया खड्ड्यात टेकेल अशी भीती, हाल्डेनची डिकी लहान. डॉक्टरांनी वहीत बेचाळीस ओळींचा तक्ता आखला आणि महिनाभर तो भरत राहिले. त्रिशलानं एकदा तो तक्ता हातात घेतला, चष्मा वर सरकवून बारीक अक्षराकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की ऑरेलिया घ्या. का, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, बसायला बरी वाटते. अजून ती त्या गाडीत बसलीही नव्हती. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं.

कोल्हापूरबाहेर, जोतिबाच्या डोंगराखाली, अशा गाड्यांसाठी एक चाचणी मैदान झालं होतं. तीन किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, मध्ये नारिंगी शंकू मांडलेले, आणि गिऱ्हाइकानं दोन्ही गाड्या एकामागून एक चालवून बघायच्या. गुरुवारी सकाळी डॉक्टर आणि त्रिशला तिथे पोचले. रविवारी डॉक्टरांचं माळेवाडीचं मोतीबिंदूचं वार्षिक शिबिर होतं, त्याआधी गाडीचा निकाल लावून टाकायचा असा त्यांचा बेत.

मैदानावर अल्ताफ मुजावर नावाचा इंजिनिअर होता. पस्तिशीचा, मिरजेच्याच सतारमेकर गल्लीतला. त्याचे वडील अजूनही तंबोऱ्याचे भोपळे घासत आणि त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनीच केलेलं. त्यामुळे त्यानं दोघांना चहा पाजला, वडिलांचा निरोप सांगितला आणि दोन्ही गाड्या पुढे आणून उभ्या केल्या.

डॉक्टरांनी आपली पद्धत त्याला समजावली. चष्म्याचा नंबर काढताना ते पेशंटच्या डोळ्यापुढे एक भिंग धरत, मग दुसरं, आणि विचारत, हे बरं, का हे? पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. एकदाच दाखवलं तर डोळा फसतो, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून गाड्यांच्याही सहा फेऱ्या ठरल्या, प्रत्येकीच्या तीन. तोच रस्ता, तोच वेग, आणि गाड्या आलटूनपालटून.

ऑरेलिया पहिल्याच फेरीत मनकवडी निघाली. वळण घ्यायचं मनात येतंय तोवर गाडी वळलेली असायची. शंकूंमधून ती अशी निघाली, की डॉक्टरांना आपण तिशीतले आहोत असं वाटलं आणि ते उतरले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. हाल्डेननं मात्र ते पुसलं. ती अडमुठी होती. डावीकडे न्यायची तर आधी ऐकायची नाही आणि मग जरा जास्तच ऐकायची. पहिल्या फेरीत दोन शंकू आडवे झाले, दुसऱ्या फेरीत तीन, आणि तिसऱ्या फेरीत पाच. डॉक्टर उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. हिच्या स्टिअरिंगमध्ये दोष आहे, इतक्या किमतीची गाडी आणि ही दशा, असं त्यांनी अल्ताफला ऐकवलं. त्रिशला म्हणाली, की बघा, मी म्हटलंच होतं, ऑरेलियाच घेऊ, आता निघू या.

तिथंच हा विषय संपला असता. दुसऱ्या कुणी गिऱ्हाइकानं ऑरेलिया घेतली असती आणि आनंदानं दहा वर्षं चालवली असती. पण डॉक्टरांना पुराव्याशिवाय निकाल पचत नसे. त्यांनी अल्ताफकडे दोन्ही गाड्यांच्या नोंदी मागितल्या. अल्ताफ घुटमळला, गिऱ्हाइकं सहसा हे बघत नाहीत म्हणाला, पण मग त्यानं पडद्यावर आलेख उघडले. प्रत्येक फेरीला दोन रेघा होत्या. निळी रेघ हातानं स्टिअरिंग कसं फिरवलं याची, आणि लाल रेघ चाकं प्रत्यक्ष कशी वळली याची.

इथे थोडं यंत्राविषयी सांगायला हवं. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत एक लोखंडी दांडा जात असे. हात जे करील तेच चाक करी, दुसरा इलाजच नव्हता. या नव्या गाड्यांतून तो दांडा गेला. स्टिअरिंग किती फिरलं हे सेकंदाला हजार वेळा मोजलं जातं, तो आकडा तारेतून संगणकाकडे जातो आणि संगणक चाकांजवळच्या मोटारीला हुकूम सोडतो. हात आणि चाक यांच्यामध्ये आता एक मध्यस्थ येऊन बसला. त्या मध्यस्थानं काय करायचं हे ज्या त्या कंपनीनं ठरवलं. हाल्डेनवाल्यांनी त्याला निरोप्या ठेवलं. हातानं दिलेला निरोप काना-मात्रा न बदलता चाकाला सांगायचा, बस्स.

ऑरेलियाचा मध्यस्थ शिकलेला होता. त्याला लाखो चालकांचे हात आणि नजरा दाखवून तयार केलेलं होतं. चालक कुठे बघतोय आणि हात कुठल्या बाजूला निघालाय, एवढ्यावरून त्याला काय करायचं आहे हे तो ओळखी. मग हातानं काय केलं ते बाजूला ठेवून, हाताला काय करायचं होतं ते चाकाला सांगे. हात उशिरा हलला तर उशीर भरून काढी, हात डगमगला तर डगमग गाळून टाकी. चालकाला वाटे, आपण काय सुरेख चालवतो.

पडद्यावर ते स्वच्छ दिसत होतं. ऑरेलियाच्या लाल रेघा पाण्यासारख्या वाहत होत्या आणि त्यांच्या खाली निळ्या रेघा अडखळत होत्या. हाल्डेनमध्ये दोन्ही रेघा एकच होत्या, आणि ती एकच रेघ अडखळणारी होती. डॉक्टरांनी दोन्ही गाड्यांच्या निळ्या रेघा एकावर एक ठेवायला सांगितल्या. त्या तंतोतंत जुळल्या.

"म्हणजे निळी रेघ मोजणारा सेन्सरच बिघडलाय," डॉक्टर म्हणाले.

"दोन्ही गाड्यांतला, डॉक्टरसाहेब?" अल्ताफनं हळूच विचारलं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण डॉक्टर स्वतः शिकाऊ डॉक्टरांना ऐकवत. आज ती त्यांना आठवली नाही. त्यांनी अल्ताफला हाल्डेन चालवायला लावली. सेन्सर वाईट असेल तर त्याचीही रेघ तशीच येईल, हा सरळ हिशोब. अल्ताफची रेघ सुतासारखी आली. तो रोज चालवतो, त्याला सवय आहे, असं म्हणून डॉक्टरांनी त्रिशलाला गाडीत बसायला सांगितलं. ती नको म्हणाली. सहा वर्षांत तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण डॉक्टर हट्टाला पेटले होते, आणि ती बसली. बेताबेतानं, घाबरत तिनं फेरी पुरी केली. एक शंकू पाडला. पण तिची रेघ सरळ होती. प्रत्येक वळणाला एक चढ, एक उतार.

डॉक्टरांनी आपली रेघ तिच्या रेघेशेजारी आणून ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. आता ते गिऱ्हाईक राहिले नव्हते, समोर रिपोर्ट आलेले डॉक्टर झाले होते. त्यांचा हात प्रत्येक वळणाला पाव सेकंद उशिरा निघत होता. निघाला तरी एका झटक्यात जात नव्हता. एका वळणाचे चार तुकडे पडत होते. थोडं, मग थोडं, मग थोडं. कंपवाताची सुरुवात अशीच होते, हे त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. थरथर सगळ्यांना दिसते, पण ती नंतर येते. आधी हालचाल लहान होते, मंद होते, आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही.

त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून पाहिले. ते स्थिर होते. अल्ताफ पडदा बंद करायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला थांबवलं आणि त्या सगळ्या रेघा कागदावर छापून मागितल्या.

परतीच्या वाटेवर त्यांची जुनी गाडी आपली आपण मिरजेकडे निघाली होती. दोघं मागे बसले होते. हातकणंगले गेलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "ऑरेलिया घ्या असं तू का म्हणालीस?"

त्रिशला खिडकीबाहेर बघत राहिली. "माहितीपत्रकात लिहिलं होतं. हाताची चूक गाडी सांभाळून घेते म्हणून."

"तुला माहीत होतं."

"अक्षर बारीक व्हायला लागलं होतं तुमचं. शर्टाची वरची गुंडी लावायला वेळ लागायला लागला होता. शंका होती मला, खात्री नव्हती."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं, आणि लगेच प्रश्न नीट केला. "मागच्या शिबिराच्या आधीपासून, का नंतर?"

त्रिशलानं त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "आधीपासून," ती म्हणाली.

माळेवाडी हे जत तालुक्यातलं माळरानावरचं गाव. डॉक्टरांचे वडील डॉ. आदगोंडा मगदूम यांनी १९८९ साली तिथं मोतीबिंदूचं शिबिर सुरू केलं. त्या काळी लोक शहरातल्या दवाखान्याला भीत, एसटी दिवसातून एकदा येई. डोळा आंधळ्याचा, मग पायपीट डोळसानं करावी, असं आदगोंडा म्हणत आणि दरवर्षी शाळेच्या खोलीत ऑपरेशन थिएटर थाटत. त्यांच्यामागे मुलानं तो नेम चालवला. एकही वर्ष चुकलं नाही. गेल्या वर्षी तिथं अडतीस ऑपरेशनं झाली आणि त्यांतली पाच बिघडली. भिंगामागे केसाहून कितीतरी पातळ असा एक पडदा असतो, तो फाटला. एरवी वर्षात एखादा फाटे. डॉक्टरांनी त्याचा दोष जुन्या मायक्रोस्कोपला दिला, जनरेटरला दिला, डगमगत्या टेबलाला दिला. यंदासाठी त्यांनी नवा मायक्रोस्कोप घेऊन ठेवला होता.

"बोलली का नाहीस?" डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण त्रिशलाला तो चढला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"तुम्ही हातावर जगता. हात गेला म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी म्हातारे झाला असता," ती म्हणाली. "मला वाटलं, दवाखान्यात ऑपरेशनला मदत करणारं मशीन आहे, ते हाताची चूक सांभाळून घेईल. वर्षातला एक दिवस शिबिराचा. तो निघून जाईल. शिबिराची नोंदवही मीच लिहिते ना, ती पाच नावं मीच लिहिली. त्यानंतर मला तुमच्याशी बोलायचं धैर्यच झालं नाही."

डॉक्टरांना तिचा राग आला, भयंकर आला. आणि त्याच वेळी त्यांना हेही कळत होतं, की बोट दाखवायला आता तिच्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणूनच तो येतोय.

शुक्रवारी सकाळी सांगलीच्या मेंदूविकारतज्ज्ञ मित्रानं वीस मिनिटांत निदान पक्कं केलं. कंपवात, सुरुवातीचा, औषधं आहेत, पुष्कळ वर्षं नीट जातील. तिथून डॉक्टर थेट आपल्या दवाखान्यात आले आणि त्यांनी डॉ. पल्लवी बिरनाळे हिला बोलावलं. एकतीस वर्षांची, हुशार, त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलेली.

दवाखान्यात तीन वर्षांपासून ऑपरेशनला मदत करणारा यांत्रिक हात होता. डॉक्टर उपकरण धरत आणि तो हातही तेच उपकरण धरी. माणसाचा कंप, धक्का, घाई तो मध्येच गाळून टाकी आणि सुईच्या टोकाला फक्त डॉक्टरांचा हेतू पोचू देई. ऑरेलियात जे होतं तेच, फक्त शंभरपट बारीक. हा हातही दोन्ही रेघा जपून ठेवी, हे डॉक्टरांच्या आता लक्षात आलं. पडद्यावर मात्र तो एकच दाखवी, सुंदर असलेली. दुसरी बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पल्लवीनं ती दुसरी उघडली. तीन वर्षं, अठराशे ऑपरेशनं. महिन्यामागून महिना डॉक्टरांच्या हाताची रेघ खचत गेली होती, आणि सुईची रेघ जशीच्या तशी राहिली होती.

"पण सर, अठराशेपैकी एकही बिघडलेलं नाही," पल्लवी म्हणाली. तिला त्यांची समजूत घालायची होती. "मशीनवर तुम्ही अजून आठ-दहा वर्षं सहज काम कराल."

डॉक्टरांनी तिला विचारलं, की रविवारी माळेवाडीला तू ऑपरेशनं करशील का. मशीन तिथं जात नव्हतं. त्याला जमिनीत पक्का पाया लागे आणि अखंड वीज.

पल्लवी खाली बघून म्हणाली, "सर, मी उघड्या हातानं एकही केलेलं नाही. आमच्या बॅचला शिकवलंच नाही कुणी."

डॉक्टरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ती चांगली डॉक्टर होती, यात शंका नव्हती. पण तिचा हात खरोखर कसा आहे हे ना तिला माहीत होतं, ना त्यांना. आणि ज्याचा हात एके काळी जिल्ह्यात नावाजलेला होता, त्याला आपला हात गेल्याचं एका गाडीनं सांगितलं होतं. माळेवाडीत एक्केचाळीस माणसं थांबली होती. शिबिर रद्द केलं तर त्यांतली निम्मी पुन्हा येणार नाहीत, अंधारातच राहतील. उघड्या हातानं केलं तर त्यांतली काही त्यांच्या हातून आंधळी होतील. हात थोडा वेळ बरा राहील, गोळी घेऊन जावं, असा विचारही एकदा त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्याची त्यांना शरम वाटली.

वाट निघाली ती अगदी साधी होती, आणि साधी होती म्हणूनच ती जास्त बोचली. मिरजेहून दोन बस पाठवल्या तर एक्केचाळीस माणसं दीड तासात दवाखान्यात येऊ शकत होती. मशीनवर पल्लवीनं ऑपरेशनं केली असती. गेल्या वर्षीही हे जमलं असतं, त्याच्या आदल्या वर्षीही. एसटी दिवसातून एकदा येण्याचे दिवस कधीच सरले होते. पण आदगोंडांचा नेम होता, डॉक्टरानं गावात जायचं. तो नेम कशासाठी होता हे कुणी विचारलं नाही, आणि त्यामागे आपली थोडी मिजासही होती हे डॉक्टरांनी त्या दुपारी स्वतःशी कबूल केलं. सगळा जिल्हा मशीनवर गेला तरी मगदूम उघड्या हातानं करतो, हे त्यांना ऐकायला आवडत असे.

संध्याकाळी अल्ताफचा फोन आला. गाडीचं काय ठरलं, असं त्याला विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. शेवटी तोच म्हणाला, की डॉक्टरसाहेब, ऑरेलिया तुमच्यासाठी अगदी सुरक्षित आहे, मी खात्री देतो.

"गाडी चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात खोट नाही. पण ती घेतली असती तर मला कधीच कळलं नसतं, अल्ताफ. हाल्डेननं दहा शंकू पाडून मला सांगितलं. दोन्ही नकोत आता. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग."

रविवारी सकाळी ते दोघं माळेवाडीला पोचले तेव्हा दोन्ही बस शाळेपुढे उभ्या होत्या. पटांगणात माणसं बसली होती, डोळ्यांवर पदर, फडकी, काळे चष्मे. डॉक्टरांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की आपल्या हाताला आजार झालाय, यापुढे आपण उघड्या हातानं ऑपरेशन करणार नाही, मिरजेला नेऊन ऑपरेशन होईल आणि संध्याकाळी घरी आणून सोडलं जाईल. कुजबुज झाली. एक म्हातारा आदगोंडांची आठवण काढत म्हणाला, की मोठ्या डॉक्टरांनी कधी आमास्नी गाव सोडाय लावलं न्हाई. तो तसाच उठून घरी गेला. बाकीचे बसकडे सरकू लागले.

शेवंताबाई कोळेकर मात्र जागची हलली नाही. सदुसष्ट वर्षांची, काठी मांडीवर आडवी घेतलेली. गेल्या वर्षीच्या पाच नावांतलं एक नाव तिचं होतं. उजवा डोळा तेव्हा गेला होता आणि आता डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. तरीही ती आली होती. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्रिशला त्यांच्या मागे उभी राहिली.

"बाई, मागच्या वर्षी तुम्हाला मी सांगितलं की मायक्रोस्कोप जुना होता म्हणून डोळा बिघडला," डॉक्टर म्हणाले. "ते खरं नाही. माझ्या हातानं बिघडला. हात तेव्हाच आजारी होता. मला कळलं नव्हतं, पण कळायला हवं होतं."

"मला ठाऊक होतं," त्रिशला म्हणाली. "मी बोलले नाही."

शेवंताबाईनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. पहिल्यांदा एकीकडे, मग दुसरीकडे.

"मग आता कसं कळलं?" तिनं विचारलं.

"गाडी घ्यायला गेलो होतो. दोन गाड्या चालवून बघितल्या. त्यात दिसलं."

"आन् गाडी घ्याया गेलाच नसतासा तर?"

हा प्रश्न तीन दिवस डॉक्टर टाळत आले होते. पल्लवीनं तो विचारला नव्हता, मित्रानं विचारला नव्हता, त्रिशलानंही नाही.

"तर आज तुमचा दुसरा डोळा मी केला असता," ते म्हणाले.

शेवंताबाईनं तळहात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. बस भरत होती. पल्लवीनं पाठवलेली नर्स नावं पुकारत होती. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसलं काय नि न पुसलं काय, समोरच्या बाईला ते दिसणारच नव्हतं, आणि दिसायला हवं होतं असं त्यांना फार वाटलं.

"माफ केलं म्हनाय माझं तोंड उघडत न्हाई, डाक्टर," ती शेवटी म्हणाली. "उगं खोटं कशाला बोलू."

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

"बाकीची चौघं यंदा आलीच न्हाईत. भ्यालीत. त्यांचंबी दुसरे डोळे जायला लागल्यात." तिनं काठी जमिनीवर टेकली. "त्यांस्नी कोन सांगनार?"

"मी सांगणार. आत्ताच जाणार होतो. घरं विचारत जाईन."

"इचारू नका कुनाला. गावभर व्हईल आन् ती दार लावून घेतील." ती उठली. त्रिशला हात द्यायला पुढे झाली, पण शेवंताबाईनं तो घेतला नाही. वाट आपल्या पायाला ठाऊक आहे म्हणाली. नर्सला तिनं सांगितलं, की आपण दुसऱ्या बसनं येऊ, तोवर एक काम आहे.

मग ती पुढे निघाली, काठी टेकत, शाळेच्या मागून, ओढ्याच्या कडेनं. डॉक्टर आणि त्रिशला तिच्या मागून चालले. पहिलं घर पत्र्याचं होतं, दार लोटलेलं, उंबऱ्याशी शेळी बांधलेली. शेवंताबाईनं काठीनं दार वाजवलं.

"पारू, दार उघड गं," ती म्हणाली. "डाक्टर आल्यात. तुझ्या डोळ्याचं खरं काय झालं ते सांगाय आल्यात."